झेप घेण्याचा हक्क

११ फेब्रुवारी २०१४. रशियातल्या सोची इथल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्या रात्री महिलांची स्की जंपिंग स्पर्धा होती, आणि ऑलिंपिकच्या इतिहासातली ती पहिलीच होती. पुरुष १९२४ पासून, म्हणजे पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून बर्फाच्या टेकड्यांवरून झेपावत आले होते. मुलींना तिथवर पोहोचायला नव्वद वर्षं लागली. त्या रात्रीच्या तीस स्पर्धकांत जपानची सारा ताकानाशी होती. वय १७, उंची १५२ सेंटीमीटर. त्या मोसमात ऑलिंपिकपूर्वी झालेल्या १३ वर्ल्ड कप स्पर्धांपैकी १० तिनं जिंकल्या होत्या. सुवर्णपदक तिचंच, असं सगळे धरून चालले होते.

सारा चौथी आली. तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा तिला २.२ गुण कमी पडले. या टेकडीवर एका मीटरला दोन गुण मिळतात. म्हणजे पदक तिच्यापासून जेमतेम एका मीटरवर राहिलं.

मोसमभर कुणालाही न आवरणारी मुलगी नेमक्या त्या रात्री मागे का पडली? उत्तर शोधायला लागलं की या खेळाचा स्वभाव कळतो. स्की जंपिंगमध्ये खेळाडूच्या स्वतःच्या ताब्यात फार थोडं असतं. वारा त्याचा नसतो, पंच त्याचे नसतात, पोशाखाची मापं दुसरेच ठरवतात. आणि मुलींच्या बाबतीत तर टेकडीवर उभं राहण्याची परवानगीसुद्धा कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्याच हातात होती. म्हणून साराची गोष्ट सांगायची तर या खेळाची आणि त्या परवानगीचीही गोष्ट सांगावी लागते.

एका सेकंदाचा तिसरा हिस्सा

स्की जंपिंगची टेकडी दुरून पाहिली तर एक उंच घसरगुंडी आणि तिच्या खाली लांबलचक उतार असं दिसतं. घसरगुंडीच्या वरच्या भागात एक आडवा बाक असतो. खेळाडू त्यावर बसतो. प्रशिक्षकानं झेंडा खाली केला की बाक सोडतो आणि साधारण ३५ अंशांच्या उतारावरून दोन खाचांमध्ये स्की ठेवून खाली सुटतो. पायात ब्रेक नाहीत, हातात काठ्या नाहीत. घसरगुंडीच्या शेवटी वेग ताशी ८५ ते ९० किलोमीटरच्या घरात गेलेला असतो.

टीव्हीवर पाहताना वाटतं की घसरगुंडीचं टोक वर वळलेलं असावं आणि तेच खेळाडूला आकाशात उडवत असावं. प्रत्यक्षात ते टोक सुमारे दहा अंशांनी खालीच झुकलेलं असतं. वर जाण्यासाठीचा जोर खेळाडूनं स्वतःच्या पायांतून काढायचा असतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे सेकंदाचा तिसरा हिस्सा असतो. जरा आधी उडी मारली तर जोर वाया जातो. जरा उशीर झाला तर पायाखालची जमीनच संपलेली असते. वर्षानुवर्षांचा सराव चालतो तो या एवढ्याशा क्षणासाठी.

टोक सुटलं की पुढचं काम हवेचं. धावत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा किंचित वर कलता केला की वारा तो हात वर ढकलतो. खेळाडू आपलं सगळं शरीर तसंच वाऱ्यावर टेकवतो. तो पुढे इतका झुकतो की त्याचं डोकं जवळजवळ स्कीच्या टोकांपर्यंत येतं. पूर्वी दोन्ही स्की समांतर ठेवायची रीत होती. १९८० च्या दशकात स्वीडनच्या यान बोक्लवनं स्कीची टोकं फाकवून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी धरायला सुरुवात केली. पंचांना ते बेढब वाटलं आणि त्यांनी त्याचे शैलीचे गुण कापले. पण व्ही आकारामुळे हवेला मोठा पृष्ठभाग मिळत होता आणि बोक्लव इतका लांब जात होता की गुण कापूनही १९८८-८९ चा वर्ल्ड कप त्यानंच जिंकला. काही वर्षांत सगळं जग त्याच्यासारखं उडू लागलं.

समोरून येणारा वारा खेळाडूला उचलून धरतो. पाठीमागून येणारा वारा त्याला खाली दाबतो. हा फरक भरून काढण्यासाठी २००९-१० च्या सुमारास वाऱ्यानुसार गुण वाढवण्या-घटवण्याची पद्धत आली. तरीही वाऱ्याचा न्याय पूर्णपणे आकड्यांत बसत नाही, हे प्रत्येक खेळाडू जाणतो.

गुण दोन ठिकाणांहून येतात. प्रत्येक टेकडीवर एक ठरावीक अंतर आखलेलं असतं, त्याला के-पॉइंट म्हणतात. तिथवर पोहोचलं की ६० गुण. पुढच्या प्रत्येक मीटरला वाढीव गुण, अलीकडच्या प्रत्येक मीटरला कपात. दुसरा भाग शैलीचा. पाच पंच प्रत्येकी २० पैकी गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला काढतात आणि उरलेल्या तिघांच्या गुणांची बेरीज करतात. उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले आणि हात पसरलेले असा डौल राखावा लागतो. या पवित्र्याला टेलिमार्क म्हणतात. नॉर्वेच्या ज्या प्रांतात स्कीईंगला आजचं रूप आलं, त्याचं हे नाव. लांब जाऊनही टेलिमार्क साधला नाही, तर कमावलेले मीटर पंचांच्या कागदावर परत द्यावे लागतात.

सोचीत सारासोबत नेमकं हेच घडलं. तिच्या दोन्ही उड्यांच्या वेळी वारा पाठीमागून होता आणि दोन्ही वेळा तिला नीट टेलिमार्क साधता आला नाही. त्याच रात्री जर्मनीची कारिना फोग्ट सुवर्ण घेऊन गेली. तोपर्यंत तिनं वर्ल्ड कपची एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती.

कामिकावाची मुलगी

जपानच्या उत्तरेला होक्काइडो बेटावर, दाइसेत्सुझान पर्वतांच्या पायथ्याशी कामिकावा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या हिवाळ्यात बर्फ ही रोजची गोष्ट. सारा ताकानाशीचा जन्म तिथे ८ ऑक्टोबर १९९६ रोजी झाला. वडील स्वतः स्की जंपर होते, मोठा भाऊही उड्या मारायचा. सारा लहानपणी बॅले शिकली आणि प्राथमिक शाळेत असतानाच तिनं स्की जंपिंगला सुरुवात केली. मुलं मोठ्या टेकडीवर थेट जात नाहीत. आधी अंगणातल्या उंचवट्याएवढ्या टेकडीवरून काही मीटरची उडी, मग त्याहून मोठी, मग त्याहून मोठी, असा तो चढता क्रम असतो. प्रत्येक पायरीवर आधी भीतीची ओळख करून घ्यायची आणि मग तिच्यासकट खाली सुटायचं.

याच गावानं जपानला आणखी एक मोठा जंपर दिला होता, मासाहिको हाराडा. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये सांघिक स्पर्धेची शेवटची उडी त्याची होती. साधी चांगली उडी मारली असती तरी सुवर्ण जपानचं होतं. ती उडी ९७.५ मीटरवरच पडली आणि सुवर्ण जर्मनीकडे गेलं. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, जपानमधल्याच नागानो ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा उभा राहिला. भर हिमवर्षावात त्याची पहिली उडी ७९.५ मीटरवर संपली. दुसरी गेली १३७ मीटर, आणि जपाननं सुवर्ण जिंकलं.

त्या दिवसाची आणखी एक बाजू आहे. पहिल्या फेरीनंतर बर्फ इतका पडत होता की स्पर्धा तिथेच थांबवायचा विचार सुरू झाला. जपान तेव्हा चौथा होता. टेकडी सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी २५ चाचणी जंपर एकामागोमाग एक उड्या मारत गेले आणि त्यांच्यामुळेच दुसरी फेरी होऊ शकली. त्या २५ जणांत एक शाळकरी मुलगी होती. पुरुषांसाठी टेकडी सुरक्षित आहे हे सिद्ध करायला तिची उडी चालली. त्याच टेकडीवर स्वतःसाठी उतरायला मात्र तिला ऑलिंपिकमध्ये जागाच नव्हती.

सारा तेव्हा एक वर्षाची होती. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा साप्पोरोच्या ओकुरायामा टेकडीवर १४१ मीटर उडाली. त्याच वर्षी, २०११ मध्ये, ओस्लोच्या जागतिक स्पर्धेत सहावी आली. जानेवारी २०१२ मध्ये इन्सब्रुकला पहिलं युवा हिवाळी ऑलिंपिक झालं, तिथलं सुवर्ण तिचं होतं. मार्च २०१२ मध्ये जपानमधल्याच झाओ इथे तिनं वर्ल्ड कपची पहिली स्पर्धा जिंकली. सोळाव्या वर्षी तिनं संपूर्ण मोसमाचं विजेतेपद, म्हणजे स्फटिकाचा गोल, उचलला. पुढे असे एकूण चार गोल तिच्याकडे आले.

उन्हाळ्यातही सराव थांबत नाही. बर्फ वितळला की टेकडीवर प्लॅस्टिकच्या तंतूंची चटई अंथरतात, ती पाण्यानं भिजवतात, आणि घसरगुंडीच्या खाचा चिनीमातीच्या असतात. व्यायामशाळेत खेळाडू झेपेचा पवित्रा घेऊन पुढे झेपावतो आणि प्रशिक्षक त्याला हवेतच कमरेशी झेलून डोक्यावर उचलून धरतो. तो सेकंदाचा तिसरा हिस्सा अंगात मुरावा म्हणून हजारो वेळा ही एकच हालचाल.

बंद दार

साराला सतराव्या वर्षी ऑलिंपिकच्या बाकावर बसता आलं, कारण तिच्याआधीच्या मुली त्या बाकासाठी भांडल्या होत्या.

मुलींनी स्कीवरून उड्या मारणं काही नवं नव्हतं. नॉर्वेतल्या ट्रिसिल इथे १८६२ मध्ये इंग्रिड वेस्टबी हिनं लोकांसमोर उडी मारल्याची नोंद आहे. १९११ मध्ये ऑस्ट्रियाच्या किट्सब्युएल इथे पाउला लाम्बर्ग ही सरदार घराण्यातली बाई लांब झगा घालून २२ मीटर उडाली होती. तरीही शंभर वर्षं मुलींना एकच गोष्ट ऐकवली गेली की हे तुमच्या शरीराला झेपणार नाही. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जियान-फ्रांको कास्पर यांनी जाहीरपणे म्हटलं की वर्षातून हजार वेळा उंचावरून जमिनीवर आदळणं वैद्यकीय दृष्ट्या स्त्रियांसाठी योग्य वाटत नाही. या म्हणण्याला कुठल्याही अभ्यासाचा आधार नव्हता.

खरं तर हा खेळ निव्वळ ताकदीचा नाही. इथे हलकं शरीर फायद्याचं ठरतं. वजन कमी असेल तर हवा जास्त वेळ उचलून धरते. खेळाडूंनी त्यासाठी उपाशी राहून स्वतःचे हाल करू नयेत म्हणून २००४ नंतर नियम आला की उंचीच्या मानानं वजन फार कमी असेल तर स्कीची लांबी कमी करावी लागेल. ज्या खेळात हलकं असणं एवढं मोलाचं, तिथे मुली मुलांच्या इतक्या जवळ पोहोचतात यात नवल नाही. अमेरिकेची लिंडसे व्हॅन याचं बोलकं उदाहरण. २०१० च्या ऑलिंपिकसाठी कॅनडात व्हिसलर इथे नवी टेकडी बांधली गेली. २००८ च्या जानेवारीत लिंडसे तिथे १०५.५ मीटर उडाली. त्या वेळी तो त्या टेकडीचा विक्रम होता, स्त्री आणि पुरुष दोघांमध्ये मिळून.

तरीही २०१० मध्ये त्याच टेकडीवर तिला स्पर्धक म्हणून उतरता आलं नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं महिलांच्या स्की जंपिंगचा प्रस्ताव फेटाळला. कारण दिलं ते असं की खेळाडू आणि देश पुरेसे नाहीत. त्याच निर्णयात स्की क्रॉस हा नवा प्रकार मात्र पुरुष आणि महिला दोघांसाठी घेतला गेला. समितीचे अध्यक्ष जाक रोग यांनी पुढे असंही सुचवलं की अशानं पदकांचं मोल पातळ होईल. वर्षातले बारा महिने चटईवर आणि बर्फावर घासलेल्या मुलींना हे ऐकावं लागलं.

मग १५ जणी व्हँकुव्हरच्या न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ऑलिंपिकसाठी कॅनडातल्या जनतेचा पैसा खर्च होतोय, कॅनडाच्या राज्यघटनेत समानतेचा हक्क आहे, मग पुरुषांसाठी स्पर्धा आणि आमच्यासाठी नाही, हे चालणार कसं? जुलै २००९ मध्ये न्यायमूर्ती लॉरी अ‍ॅन फेनलन यांनी निकाल दिला. या मुलींशी भेदभाव होतोय, हे त्यांनी मान्य केलं. पण कार्यक्रम ठरवते आंतरराष्ट्रीय समिती आणि तिच्यावर कॅनडाची घटना लागू होत नाही, म्हणून मुलींना दाद मिळू शकली नाही. वरच्या न्यायालयांतही हाती काही लागलं नाही. लिंडसे त्याच वर्षी फेब्रुवारीत चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेक इथे महिलांची पहिली जागतिक विजेती ठरली होती. जगज्जेती असूनही पुढच्या वर्षी ऑलिंपिकचं दार तिच्यासाठी बंदच राहिलं.

खटला त्या हरल्या, पण प्रश्न जगभर पोहोचला. २०११ च्या एप्रिलमध्ये समितीनं सोचीसाठी महिलांच्या एका स्पर्धेला मान्यता दिली. त्याच वर्षाच्या शेवटी महिलांचा वर्ल्ड कप सुरू झाला. सोचीत सर्वांत आधी उडी मारण्याचा मान अमेरिकेच्या सारा हेंड्रिक्सनला मिळाला. सहा महिन्यांपूर्वी गुडघ्याला मोठी दुखापत झालेली असताना ती उतरली होती. २९ वर्षांची लिंडसे व्हॅन १५वी आली. ऑलिंपिकची टेकडी तिच्या वाट्याला आली, पण तिच्या उमेदीची वर्षं सभागृहांत आणि न्यायालयांत खर्ची पडली होती. ताकानाशीच्या पिढीनं हे कायम ध्यानात ठेवायला हवं, आणि आपणही.

प्याँगचांग आणि बीजिंग

सोचीनंतर सारा पुन्हा जिंकू लागली. २०१७ मध्ये तिचे वर्ल्ड कप विजय ५३ झाले आणि पुरुषांमध्ये ऑस्ट्रियाच्या ग्रेगोर श्लिरेनझाउअरच्या नावावर असलेल्या विक्रमाशी तिनं बरोबरी केली. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये तिनं दोन्ही उड्या १०३.५ मीटर मारल्या आणि कांस्यपदक मिळवलं. सुवर्ण नॉर्वेच्या मारेन लुंडबीनं घेतलं, रौप्य जर्मनीच्या कॅथरिना आल्टहाउसनं. महिलांच्या स्की जंपिंगमधलं जपानचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. पुढच्याच महिन्यात तिनं ५४वा विजय मिळवून श्लिरेनझाउअरला मागे टाकलं. पुढे तिच्या विजयांनी साठी ओलांडली.

२०२२ च्या बीजिंगमध्ये वैयक्तिक स्पर्धेत ती पुन्हा चौथी आली. दोन दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, स्त्री-पुरुष मिश्र संघांची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच झाली. साराची पहिली उडी १०३ मीटरची होती. त्यानंतर पोशाखाची तपासणी झाली. मांडीपाशी तिचा पोशाख नियमापेक्षा दोन सेंटीमीटर सैल भरला. सैल कापडात हवा अडते आणि उडी लांबते, म्हणून मापाची सक्ती असते. तिची उडी बाद झाली. त्या दिवशी ऑस्ट्रिया, जर्मनी आणि नॉर्वे यांच्याही खेळाडू याच कारणानं बाद झाल्या. एकूण पाच, आणि पाचही महिला. पोशाख मोजण्याची रीतच बदलली, अशी तक्रार अनेक संघांनी केली.

सारा कोसळली. रडून रडून तिला उभंही राहवत नव्हतं. तरी दुसऱ्या फेरीसाठी ती वर गेली आणि ९८.५ मीटरची उडी मारून खाली आली. जपानचा संघ चौथा आला. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्यामुळे संघाचं पदक गेलं म्हणून सगळ्यांची जाहीर माफी मागितली. दोन सेंटीमीटर कापडासाठी पंचवीस वर्षांच्या मुलीनं अख्ख्या देशाची माफी मागावी, ही त्या स्पर्धेतली सर्वांत दुःखद गोष्ट. खेळाडूचा पोशाख तपासणं ही जबाबदारी साऱ्या संघाची असते. तिचं ओझं एकटीच्या खांद्यावर टाकणं अन्यायाचं आहे. त्याच मोसमात, मार्चमध्ये, तिनं पुन्हा वर्ल्ड कपची स्पर्धा जिंकली.

स्वप्नाचं मोजमाप

पदकांचा हिशोब मांडला तर या तीन ऑलिंपिकमधून साराच्या हाती एक कांस्य लागतं. हा हिशोब तिच्या कर्तृत्वाला अपुरा आहे. त्या ऑलिंपिकमधल्या वैयक्तिक स्पर्धेत महिला खेळाडूला चार वर्षांतून फक्त दोन उड्या मिळत होत्या. त्या दोन उड्यांच्या वेळी वारा कुठून यावा हे तिच्या हातात नसतं. तिच्या हातात असतो तो सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि अपयशानंतर पुन्हा वर चढून बाकावर बसण्याचा निर्धार. या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं कुणी जपल्या, हे पाहायचं तर साठहून अधिक वर्ल्ड कप विजयांकडे पाहावं लागतं. त्या मोजमापानं सारा ताकानाशी तिच्या खेळातल्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक आहे.

वारा कुणालाच आवरता येणार नाही. दारं मात्र माणसांनी बंद केलेली असतात आणि माणसंच ती उघडू शकतात. सोचीत महिलांना फक्त छोट्या टेकडीवरची एक स्पर्धा मिळाली होती. मोठ्या टेकडीवरची स्पर्धा २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकच्या कार्यक्रमात घ्यायचं २०२२ मध्ये ठरलं. मात्र त्याच बैठकीत नॉर्डिक कंबाइंड, म्हणजे स्की जंपिंग आणि क्रॉस कंट्री स्कीईंग मिळून होणारी स्पर्धा, महिलांसाठी खुली करायला नकार देण्यात आला. कारण दिलं ते देश आणि प्रेक्षक कमी असल्याचं, जवळजवळ तेच जे २००६ मध्ये दिलं होतं. त्यामुळे २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या कार्यक्रमात फक्त पुरुषांसाठी राहिलेला हा एकमेव खेळ ठरला. ज्या मुली आज त्या खेळात घाम गाळत आहेत, त्यांना लिंडसेसारखी आपली उमेदीची वर्षं वाट पाहण्यात घालवायला लावू नये. आधी संधी द्यावी. देश, खेळाडू आणि प्रेक्षक तिच्यामागून येतात, हे सोचीपासूनच्या प्रत्येक मोसमानं दाखवून दिलं आहे.